पावडर प्लॉट आणि अण्णांची अक्का

आमच्या नगरपालिकेत गुरलिंगप्पा अण्णा म्हणून स्वच्छता निरीक्षक होते. ते ऑफिसला कोंबडी घेऊन यायचे.

पिशवीत लपवून वगैरे नाही. डाव्या काखेत कोंबडी, उजव्या हातात छत्री, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग. राहायला लिंगायत गल्लीत. त्या गल्लीत अंड्याचं टरफल सापडलं तर दोन दिवस त्याचीच चर्चा चालायची, आणि हा गृहस्थ तिथं राजरोस कोंबडी पाळून राहिलेला. खायची नाही, विकायची नाही, मग पाळली कामून, असं कुणी विचारलं की अण्णा शांतपणे सांगायचे, "सरकारी कामाला लागती."

आणि ती लागायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तेव्हा तिथं नवा कारकून होतो. मोकळ्या जागेची तक्रार आली, की अण्णा कोंबडीच्या पायाला सुतळी बांधून तिला कडेला सोडायचे आणि छत्री टेकून उभे राहायचे. "अक्का, बगा बरं." कोंबडीचं नाव अक्का. तिनं पायानं माती उकरली, किडा टिपला, की अण्णा खूश. "जागा जित्ती हाय." ती नुसतीच मान वाकडी करून उभी राहिली, की अण्णांचा चेहरा पडायचा. मग अहवालात यायचं, "सदर जागेवर कोंबडीने उकरण्यास नकार दिला." मुख्याधिकारी त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढायचे, पण अहवाल खोटा आहे असं त्यांनीही कधी लिहिलं नाही. ऑफिसात अक्काला सगळे 'दुय्यम निरीक्षक' म्हणायचे. एकदा शिपायानं हजेरी मस्टरवर तिचं नावही घातलं होतं.

आता पावडर प्लॉटचं सांगतो. बसस्टँडच्या मागं कपाशीवर मारायच्या पावडरचा एक कारखाना होता. मालक एक दिवस कुलूप लावून हैदराबादकडं गेला, तो गेलाच. थकलेल्या करापोटी जागा नगरपालिकेकडं आली. पत्रे, दारं, खिडक्या लोकांनी रातोरात नेल्या. पावडर तेवढी कुणी नेली नाही. ती मातीत मुरली. तिथं बाभूळसुद्धा उगवत नव्हती. काटे नाहीत म्हणून पोरं क्रिकेट खेळायची आणि अण्णा छत्री उगारून त्यांच्या मागं धावायचे. पोरांना वाटायचं म्हातारा क्रिकेटच्या विरोधात आहे.

तेवढ्यात नवा जिल्हा झाला. आमचं गाव लातूरला जोडलं गेलं आणि सगळ्यांना एकदम बाशिंग बांधल्यासारखं झालं. इमारतींना पैसा येणार होता. नगरपालिकेच्या अध्यक्षांनी ठरवलं, पावडर प्लॉटवर बाळंतिणींचा दवाखाना बांधायचा. नकाशा तयार, पैसा मंजूर, कोनशिलेवर नाव कोरून तयार. स्वच्छता निरीक्षकाची सही तेवढी बाकी.

अण्णांनी अक्काला नेलं. अक्कानं नकार दिला. अण्णांनीही दिला.

"अण्णा, वरून दोन फूट मुरूम टाकू की," अध्यक्ष म्हणाले.

"मुरूम म्हंजे काय गालिचा हाय का साहेब? खालची घाण खालीच ऱ्हाती. बाळंतीन बाई तिथंच निजनार, तिथलंच पानी पिनार. आदी माती उचला, मग काय बांधायचं ते बांधा."

"त्याला पैसा कुठनं आणू? सरकार बांधायला देतं, खरवडायला नाही देत."

"मग मागू की!"

आणि अण्णांनी मागायला सुरुवात केली. पत्रं मी लिहायचो, ते सांगायचे. एका खात्याचं उत्तर आलं, सदर जागेवर पीक नसल्याने विषय आमचा नाही. दुसऱ्याचं आलं, अद्याप कुणी आजारी नसल्याने विषय आमचा नाही. तिसरं म्हणालं, आम्ही बांधतो, उकरत नाही. प्रत्येक उत्तर अण्णा अक्काला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मला म्हणायचे, "कुलकर्णी, लिवा अजून एक. कुटंतरी मानूस बसलेला आसंलच."

त्या वर्षी पाऊस झाला नाही. नळ बंद पडले, गावातल्या विहिरींचे तळ दिसू लागले. पाणी राहिलं ते एकाच विहिरीत, पावडर प्लॉटच्या भिंतीला लागून असलेल्या. बाया घागरी घेऊन तिथं जमल्या. अण्णांनी रहाटाचा दोर काढून घेतला आणि स्वतः विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले, काखेत कोंबडी धरून. बायांनी त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या.

"मुडद्या, तुझी कोंबडी पानी पिती आन आमची लेकरं तरसत्यात!"

"न्हाई यव्वा, हिलाबी घरूनच आनलंय. टँकर येलालाय, थोडं थांबा. हे नगा पिऊ, वास बगा की ह्याचा."

पाण्याचा नमुना तपासायला पाठवला होता. बऱ्याच दिवसांनी अहवाल आला की पाण्याला वास आहे. एवढं अण्णांनी नाकानं फुकटात सांगितलं होतं. पण विहिरीवर बसल्या बसल्या त्यांना एक वाट दिसली. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "लिवा. ही माती उचलायचं काम दवाखान्याचं न्हाईच. हे हिर वाचवायचं काम हाय. पान्याच्या टंचाईत घ्या."

ते पत्र कुणीतरी वाचलं. कलेक्टरसाहेब स्वतः जागा बघायला येतो म्हणाले.

साहेब आले त्या दिवशी निम्मं गाव प्लॉटच्या कडेला उभं होतं. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. रात्रभर पाठ केलेलं भाषण त्यांनी सुरू केलं, अक्काला कडेला सोडलं आणि सुतळी बोटाला गुंडाळली. साहेबांना कोंबडीचं आधीच कुणीतरी सांगितलं असावं. ते हसू दाबून बघत होते.

आणि अक्का खाली मान घालून टपाटप टिपायला लागली.

अध्यक्ष टाळी वाजवणार तेवढ्यात माझं लक्ष गेलं. मातीत ज्वारीचे दाणे पडले होते. अध्यक्षांच्या माणसानं सकाळीच टाकून ठेवले होते. अण्णांनाही ते दिसले. भाषण अर्ध्या वाक्यात तुटलं.

"अक्का! थू, थू! टाक ते!" अण्णा प्लॉटमध्ये गुडघ्यावर पडले. तिची चोच उघडून आत बोट घातलं, एक-दोन दाणे काढले, बाकीचे पोटात गेले होते. मग त्यांनी तिला छातीशी धरलं आणि धूम ठोकली. साहेब, अध्यक्ष, छत्री, चप्पल, सगळं तिथंच टाकून एक साठीला आलेला सरकारी नोकर भर उन्हात जनावरांच्या दवाखान्याकडं पळाला.

कुणीच हसलं नाही. आधी अण्णांना शिव्या देणारी एक बाई हळूच आपल्या लेकराला हाताला धरून प्लॉटच्या बाहेर घेऊन गेली.

साहेबांनी वाकून ज्वारीचे दाणे पाहिले, अध्यक्षांकडं पाहिलं, मग मला विचारलं, "यांचं म्हणणं नेमकं काय होतं?"

ती सगळी पत्रं मीच लिहिली होती. मी सांगितलं: दोन फूट माती उचलायची, गावाबाहेर खडकात पक्का खड्डा करून पुरायची, उचलणाऱ्यांना हातमोजे आणि साबण द्यायचा, हे सगळं पाणीटंचाईच्या पैशातून. दवाखाना मग.

"बसतं यात," साहेब म्हणाले. "करून घेऊ." पुढं पैसा उशिरा आला, पण आला, आणि मातीही उचलली गेली. साहेब बोलले तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की ही बातमी ज्याची आहे तो माणूस इथं नाही. मी त्यांची चप्पल आणि छत्री उचलली आणि पळालो.

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर अण्णा बसले होते. मांडीवर उपरण्यात गुंडाळलेली अक्का. डॉक्टरांनी काहीतरी पाजलं होतं आणि संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाले होते.

"अण्णा, मंजूर झालं! सगळी माती उचलणार."

"हाव का," अण्णा म्हणाले. मग डॉक्टरांकडं वळून, "साहेब, डोळे मिटलालीय बगा. झोप हाय का दुसरं काय?"

झोपच होती. मी शेजारी बसलो.

"हिला म्या कामासाटी न्हाई आनली, कुलकर्णी," अण्णा एकदम म्हणाले. "आमच्या घरातली आजारी होती. छातीचं दुखनं. डॉक्टर म्हनले, अंडी द्या, ताकद यील. म्या उदगीरच्या बाजारातनं ही आनली. ती म्हनली, जीव गेला तरी खानार न्हाई. न्हाईच खाल्लं. पर दिवसभर हिच्याशी बोलायची. अक्का तिनंच नाव ठिवलं. ती गेल्यावर ही घरभर हुडकत फिरायची. एकटी ठिवून ऑफिसला कसं यावं, सांगा तुमी?"

मी त्यांची चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली.

"जरा धरता का? हात आखडलाय," ते म्हणाले.

इतक्या दिवसांत त्यांनी अक्काला दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी उपरण्यासकट तिला घेतलं. ती ऊन होती आणि तिचं काळीज माझ्या तळव्यावर टकटक करत होतं. अण्णा उठले, भिंतीवरच्या गायीच्या तक्त्यापाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून किती तरी वेळ तो तक्ता वाचत राहिले.