योद्ध्याचा उलटा पाय

माझ्या हातून आजवर साधी बशीसुद्धा फुटलेली नाही! म्हणूनच जुन्या बाहुल्यांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, बाहेर पडल्यावर त्यांच्या काचेच्या कपाटातला वीतभर योद्धा मी बेधडक पुसायला घेतला. रोज कुणाचं तरी एक काम न सांगता करायचं, हा माझा नेम.

गुडघा धुळीनं आखडलेला. जरासा वाकवला. कट्! पाय माझ्या हातात आणि योद्धा जमिनीवर!

बारा वर्षं भाऊजींनी त्याला कुणाचा श्वाससुद्धा लागू दिला नव्हता. खेळणी दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"सांध्याची खुंटी मोडलीय, की नुसती निसटलीय?"

"निसटलीय. मोडलेय ती मी!"

"घाबरू नका, ताई. सांधा गरम पाण्यात दोन मिनिटं धरा. मऊ झाला की दाबून बसवा."

दोन मिनिटं म्हणजे माझी एक माळ. घड्याळावर माझा कधीच भरवसा नाही. पण भीतीनं जप कुठला व्हायला! चाळिसाव्या मण्याला जिन्यात पावलं वाजली. चुकले, पुन्हा पहिल्यापासून. शेजारचं दार आपटलं. पुन्हा पहिल्यापासून! बाहेर काढला तेव्हा सांधा शिजलेल्या देठासारखा लुळा. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन दाबला. बसला! गार होऊन दगडासारखा घट्ट झाला, तेव्हा कुठे मी डोळे उघडले.

टाच पुढे, बोटं मागे!

कसाबसा कपाटात उभा केला, तोच भाऊजी आले. सोबत त्यांचे मित्र, भिंगवाले. असल्या बाहुल्या जमवणाऱ्यांत त्यांचा शब्द शेवटचा! त्यांचं भिंग नेमकं त्या पायापाशी थांबलं.

"अरे! हा कारखान्यातच उलटा बसलाय! असा नग दुसरा नसेल!"

"मला माहीतच होतं," भाऊजी छाती फुगवून म्हणाले.

गप्प राहिले असते तर सुटले असते. पण खोटं टिकू द्यायचं नाही, हाही माझा नेमच.

"भाऊजी," मी पुटपुटले, "तो कारखाना म्हणजे... मी."

सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घरातून माझी बोळवणच होणार!

भिंगवाल्यांनी भिंग खिशात ठेवलं. "वहिनी, हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलणार?"

"कुणी विचारलं तर..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वहिनी," भाऊजी अगदी मायेनं म्हणाले, "उद्या प्रदर्शनाला तुम्ही नाही आलात तरी चालेल हं!"

नाही गेले. प्रदर्शन अजून दोन दिवस आहे. आणि बघा, तुम्ही न विचारताच सगळं सांगून बसले की!