बापट मास्तर आणि दहा भोकांची फळी

बापट मास्तर माणसाच्या तोंडाकडं नंतर बघत, आधी हातातल्या घड्याळाकडं. मी भाकरी थापायला बसले की दारात उभे राहत आणि भाकरी तव्यावर पडली की म्हणत, "बेचाळीस सेकंद. काल अडतीस होते. काशीबाई, आज मन कुठे आहे?"

मी म्हणे, "पीठ जुनं हाय, मास्तर. मनाचं काय घिऊन बसलाय?"

ते वहीत लिहीत: पीठ जुने.

कोर्टात आलेल्या पोरांना निकाल लागेपर्यंत ठेवायचं सोलापुरात एक घर होतं. मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तिथं स्वयंपाकाला होते, आणि पोरी आल्या तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला. माझी शाळा मंगळवेढ्यात चौथीपर्यंत. मास्तरांची विलायतेपर्यंत. पोरं गुन्हा का करतात याचा शोध ते चार वर्षं लावत होते. त्यावर त्यांना ग्रंथ लिहायचा होता, विद्यापीठ त्यांना मोठी पदवी देणार होतं. भर वैशाखात ते कोट घालत, कारण कोटाला खिसे सात आणि प्रत्येक खिशात एक वही.

मी एकदा सांगितलं, "भूक लागती म्हणून करत्यात. आनि काय?"

"निष्कर्ष नको, काशीबाई. नोंद हवी." हे त्यांचं पालुपद. डाळ करपली म्हटलं तरी हेच ऐकवत.

ते पोरांच्या बुद्धीची परीक्षा घेत. एक चित्र होतं बाईचं. त्यात कान मुद्दाम काढला नव्हता. काय राहिलंय ते पोरानं ओळखायचं. एक पोरगं बराच वेळ बघून म्हणालं, "कुकू न्हाय. नवरा मेला असंल." मास्तरांनी शून्य दिलं. मी म्हटलं, "आमच्याकडं बायका डोक्यावरून पदर घेत्यात. कान कुनाला दिसतोय?" ते हसले, पण शून्य खोडलं नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा विश्वास मात्र एका लाकडी फळीवर. फळीला वेगवेगळ्या आकाराची दहा भोकं, आणि त्यांत बसणारे दहा तुकडे. सगळे तुकडे दोन मिनिटांत बसवायचे. वेळ संपली की घड्याळ मिटायचं आणि वहीत शब्द पडायचा. बरेचदा तो शब्द "मंद" असायचा, आणि मॅजिस्ट्रेटसाहेब तो वाचून निकाल देत. पोरगं शहाणं असलं तर समज देऊन घरी. मंद असलं तर लांबच्या संस्थेत, अठरा वर्षांचं होईपर्यंत.

त्या साली नरसम्मा आली. दहा-अकरा वर्षांची, तेलुगू विणकराची पोर. बाप नव्हता. ज्याच्या मागावर मायलेकी राबत, त्याच्याच घरातून तिनं सुताच्या चार लडी उचलल्या होत्या. आई लक्ष्मम्मा रोज सकाळी आमच्या फाटकाशी येऊन बसायची. आत सोडायची परवानगी नव्हती.

मास्तरांनी नरसम्मापुढं फळी ठेवली. पोरगी तुकड्यांना हातच लावेना. एकेका भोकाच्या कडेनं बोट फिरवत राहिली. मास्तर म्हणाले, "लवकर कर, बाळ." तिनं मान हलवली आणि पुन्हा बोट फिरवायला लागली. दोन मिनिटं झाली तेव्हा एकही तुकडा जागेवर नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मास्तरांनी अहवाल लिहिला. लगेच दुसऱ्या दिवशी अकराला कोर्ट होतं.

सकाळी मी फाटकावर गेले. लक्ष्मम्माला खोटं सांगणं मला जमलं नाही. म्हटलं, "पोरगी परीक्षेत काय करीना. नुसती बोट फिरवीत बसती. लांब धाडतील."

ती रडली नाही. म्हणाली, "मीच शिकवली की तसं. मागावरचा ताणा, उभं सूत, संपला की नवीन सूत जोडायचं असतंय, शेकड्यानं टोकं. घाई केली की एक चुकतंय आनि सगळं लुगडं वाया. पयले सगळी टोकं बघायची, मग हात लावायचा. तिनं मधीच हात लावला की मी मारायची, अक्का. लई मारलंय."

मी तशीच आत गेले. टांगा दाराशी येऊन उभा होता. मास्तर कोटाच्या गुंड्या लावत होते.

"मास्तर, ती फळी काढा. आनि घड्याळ माज्याकडं द्या."

"काशीबाई, साडेदहा झाले. अहवाल लिहून तयार आहे."

"असू द्या. घड्याळ द्या."

का दिलं कोण जाणे, पण दिलं. मी ते तांदळाच्या डब्यात टाकलं आणि नरसम्माला बोलावलं. ती बसली. पहिल्या भोकापासून दहाव्यापर्यंत बोट फिरवलं. मग तुकडे एकेक करून उचलले, चाचपले, खाली ठेवले. बाहेर टांगेवाला ओरडत होता, घोडा पाय आपटत होता. मास्तरांनी दोनदा खिशाकडं हात नेऊन परत आणला. मलाही घाम फुटला होता, कारण पोरीला जमलं नसतं तर मीच तिला पुरती बुडवली असती.

मग तिनं बसवायला हात घातला. दहाच्या दहा तुकडे एका दमात बसवले. एकही उचलून दुसरीकडं ठेवावा लागला नाही.

मास्तरांनी विचारलं, "काशीबाई, या चार वर्षांत विणकरांची किती मुलं आली असतील इथे?"

"लई."

"सगळ्यांना मी घड्याळ लावलं."

कोर्टात मी पोरीला घेऊन मागं उभी होते. मास्तरांनी सांगितलं की लिहून आणलेला अहवाल चुकीचा आहे, मुलगी चांगली हुशार आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. "मिस्टर बापट, मग आजवरचे तुमचे अहवाल?"

मास्तर म्हणाले, "तेही चुकीचे असू शकतात. मला ते पुन्हा तपासावे लागतील."

वकील हसले. कारकूनही हसला. नरसम्माला समज देऊन आईकडं सोडलं. लक्ष्मम्मानं कोर्टाच्या पायऱ्यांवर पोरीला आधी एक धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं.

ग्रंथ राहिला. विद्यापीठाची पत्रं आली, मास्तरांनी ती उघडली नाहीत. सुट्टी लागली की मात्र ते फळी बगलेत मारून रेल्वेत बसत. जिथं जिथं पोरं धाडली होती तिथं जाऊन पुन्हा परीक्षा घेत, आणि ज्याला फळी जमेल त्याच्या सुटकेसाठी अर्ज करत. काही अर्ज मंजूर झाले. बरेच पडून राहिले. त्यांच्या घरची माणसं त्यांना खुळा म्हणायला लागली. मीही म्हणत होते, पण तोंडावर.

एकदा असेच दोन दिवसांचा प्रवास करून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले. एवढ्या वर्षांत ते तिथं कधी बसले नव्हते.

मी विचारलं, "वळखलं का कुनी?"

"मुलगे विसरले होते. एका मुलीनं ओळखलं."

"काय म्हनाली?"

"काही नाही. दाराच्या मागे जाऊन उभी राहिली. मी निघेपर्यंत बाहेर आली नाही."

"म्हंजे डोकं ठीक हाय तिचं."

"उत्तम आहे," मास्तर म्हणाले. "काशीबाई, पुढच्या खेपेला तुम्ही याल? तुम्ही पुढे व्हा. मी फाटकाबाहेर थांबेन. मी दिसलो नाही तर ती येईल बाहेर."

शनिवारी मी पिशवीत माझं दुसरं लुगडं भरलं.