नवसाबाईंच्या घराखालची पोकळी

"मावशी, वर दोन उपग्रह पृथ्वीची ओढ मोजतायत आणि खाली हे यंत्र मोजणार! जमिनीतलं पाणी हललं तरी मला कळेल. आकडे जुळले की माझं नाव थेट परदेशात!"

नाशिकच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे देवराम सर २००५ च्या मे महिन्यात निफाडजवळच्या नवसाबाईंच्या द्राक्षमळ्यात उतरले, ते असे छाती फुगवून. हैदराबादच्या भूभौतिक संस्थेतल्या साहेबांकडून मागून आणलेलं यंत्र त्यांनी मागच्या खोलीत बाळंतिणीसारखं जपून ठेवलं. आत कुणी शिंकायचंसुद्धा नाही!

पहिल्या दिवशी सकाळी सातला ओढीचा आकडा घसरायला लागला. संध्याकाळपर्यंत परत वर! दुसऱ्या दिवशीही सातच्या ठोक्याला तेच. त्यांनी हैदराबादला फोन लावला.

"साहेब, जमिनीची ओढ कमी होतेय, म्हणजे घराखाली पोकळी तयार होतेय!"

"नीट तपासलंत?"

"माझी नोकरी पणाला लावतो!"

"थांबा, मी निघालोच. उद्या सकाळी पोचतो."

नवसाबाईंच्या कानावर 'पोकळी' एवढंच पडलं. तासाभरात भांडी, टीव्ही, लोणच्याच्या बरण्या आणि शेळी अंगणात!

"सर, बागबी जाईल का हो खाली?" त्या म्हणाल्या. "पोरासारखी वाढवलीय."

सर वही घेऊन परत यंत्रापुढे जाऊन बसले.

तिसरा दिवस. सर यंत्रापुढे पालथे पडलेले. सात वाजले. आकडा घसरला. आणखी घसरला. आठ वाजता तर कालच्याही खाली गेला! सर किंचाळत धावले, "बाहेर पडा! सगळे बाहेर पडा!"

सगळे कालपासून बाहेरच होते.

आणि दारातच सरांच्या डोक्यावर धबाधबा पाणी कोसळलं.

"अगं बाई, टाकी भरली!" नवसाबाई ओरडल्या. "लाईट सातला येती, मोटर ऑटोवर हाय, आपोआप चालू हुती. रोज मीच बंद करते, आज या सामानापायी ध्यानातच नाय राहिलं!"

सरांनी मान वर केली. मागच्या खोलीच्या बरोब्बर माथ्यावर दहा हजार लिटरची सिमेंटची टाकी! सकाळी ती भरली की तिच्यातलं पाणी यंत्राला वर ओढायचं आणि आकडा घसरायचा, दिवसभर बागेच्या फवारणीत रिकामी झाली की आकडा परत वर! तीन दिवस सरांनी पाताळ धुंडाळलं, छताकडे एकदाही पाहिलं नव्हतं!

तेवढ्यात जीप थांबली. साहेब उडी मारूनच उतरले.

"कुठंय पोकळी?"

देवराम सर तेव्हा टॉवेलनं डोकं पुसत होते. साहेबांना वाटलं, खूण करूनच दाखवतायत!