खालांची बोलकी चांदी

वरच्या मजल्यावरच्या ओगुलजान खाला जिना उतरायला लागल्या की मी चहाचं आधण ठेवायची. त्या दाराशी पोचेपर्यंत चहा उकळलेला असायचा. छातीवर बशीएवढा चांदीचा बिल्ला, मनगटापासून वर चढत गेलेली कडी, वेणीला बदामाच्या आकाराचा पत्रा, त्यांत लाल अकीक आणि सगळ्याला घुंगरं. जेद्दातल्या बाकीच्या बायका नुसत्या अबाया घालतात. खाला अबायाच्या आतून वाजायच्या.

खाला तुर्कमेन. आजोबा-आजी हजला आले ते इथेच राहिले, चांदी आजीच्या अंगावरून आली. घुंगरांच्या आवाजानं दृष्ट पळते म्हणे. मला वाटायचं, आधी शेजारी पळतील.

ओळख झाली फार वर्षांपूर्वी, इस्पितळात. मी नवी सिस्टर, अंगात शिस्त आणि गळ्यात सोनं, दोन्ही गरजेपेक्षा जास्त.

"खाला, एक्स-रे आहे. सगळं काढा."

"आधी तू तुझा आगाऊपणा काढ," खाला हिंदीत कडाडल्या.

काढलं नाहीच. फिल्मवर फुप्फुसांच्या जागी बिल्ला आणि घुंगरं! आमचे सातारचे डॉक्टर म्हणाले, "आजार दिसत नाही, घराणं मात्र चांगलं दिसतंय."

तरी मी अक्कल पाजळलीच. "आमच्याकडे चांदी पायात घालतात. वर सोनं."

"म्हणजे तुमचे पाय तरी शहाणे! सोनं मुकं असतं गं. यल्ला, ऐक!" आणि माझ्या कानाशी मनगट खळखळवलं.

त्यांच्यातली रीत मला फार उशिरा कळली. वय झालं की बाईनं एकेक दागिना उतरवून लेकीसुनांना द्यायचा. सत्तरीत नवरीसारखी मढलेली बाई त्यांच्या लोकांत चेष्टेचा विषय. पण खालांना मुलगी नाही, आणि रियाधची सून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "फार जड आहे हे. कपाटात ठेवा."

"कपाटात कुणाशी बोलेल ती?" खालांनी मला विचारलं. मी त्यांचा कप पुन्हा भरला.

मागच्या महिन्यात माझ्या नातीच्या वाढदिवसाला आल्या. नात त्यांना चिकटली, "खाला, मुझे भी बजना है!" खालांनी सुई मागितली, आपल्या बाहीची घुंगरं उसवली आणि तिच्या फ्रॉकवर शिवली. पुढच्या शुक्रवारी कडी आली, मग बिल्ला. मोठी होईल तेव्हा घालेल म्हणे.

"अहो खाला, ही आमची नात! परक्या घरात कशाला देता?"

"तिला ऐकू येतं ना? खलास."

आता नात कुठे धावतेय ते अख्ख्या इमारतीला कळतं. खाला कधी उतरतात ते मात्र कळत नाही. म्हणून चहाच्या वेळेला मी दार उघडंच ठेवते.