टीव्हीला घातलेले दोन टाके

"अगं, पंचेचाळीस वर्षं लोकांच्या ढेऱ्या कोटात बसवल्यात मी! हा टीव्ही तर केवढा चपटा!" असं म्हणत टेलरमास्तरांनी टीव्ही भिंतीवरून उतरवला आणि कापड बेतायच्या टेबलावर पालथा घातला.

तक्रार तशी किरकोळ. पडद्याच्या मधोमध एक हिरवी उभी रेघ. एरवी मास्तरांनी तिला माफ केलं असतं. पण आज संध्याकाळी सातला त्यांची धाकटी लेक पहिल्यांदाच टीव्हीवर बातम्या वाचणार होती, आणि तीही मास्तरांनी शिवलेला निळा कोट घालून! त्यापायी त्यांनी चारदा कॉलर उसवली होती. ती कॉलर मानेला कशी बसते हे बघायला त्यांचा जीव कासावीस झालेला, आणि रेघ जाणार नेमकी तिच्यावरूनच!

"मेकॅनिक उद्या येतोय ना! रेघेच्या आजूबाजूने दिसेल की पोरगी!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"चुणी आहे ती. चुणी काढायला मेकॅनिक?"

"प्लग तरी काढलात का?"

"काढला!"

एकेक स्क्रू निघून मास्तरांच्या ओठांत जाऊन बसू लागला. टाचण्या धरायची जुनी सवय! या घरातले सगळे मोठे निर्णय मास्तरांच्या तोंडात टाचण्या असतानाच झाले होते. स्वयंपाकघराचा रंग, मेहुण्याचा आठ महिन्यांचा मुक्काम, सगळे! बाईंनी आजही संधी साधली.

"अहो, बिल्डिंगमधल्या सगळ्यांना आपल्याकडेच बोलावते हं बघायला!"

मास्तरांनी डोळे वटारले, हातवारे केले, कानापर्यंत लाल झाले. पण तोंडात अकरा स्क्रू!

"बरं, खुर्च्यांचं मी बघते," म्हणत बाई गेल्यासुद्धा.

पाठ उघडली. आत एक रुंद, चपटी फीत खाचेतून अर्धवट निसटली होती. बोटाने दाबली असती तर काम झालं असतं. पण मास्तरांना ती ढिली दिसली, आणि ढिलं काही दिसलं की त्यांचा हात थांबत नसे.

स्क्रू वाटीत ओतून ते गरजले, "झोळ! याला कारखान्याचं फिनिशिंग म्हणतात?"

त्यांनी टेप लावला. फीत दीड बोट जास्त भरली. तेवढी दुमडून त्यांनी जाड सुईने दोन पक्के टाके घातले. दोराही मॅचिंग!

सातला पाच कमी असताना खोलीत अठरा माणसं जमली. पुढच्या खुर्चीत अर्थातच मेहुणा. मास्तरांनी जादूगाराच्या ऐटीत बटण दाबलं. आवाज खणखणीत आला. पडदा मात्र तव्यासारखा काळा!

"रेघ गेली की नाही?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"गेली," मेहुणा म्हणाला. "जाताना सगळं चित्रही घेऊन गेली!"

इतक्यात धाकटीचा आवाज आला, "नमस्कार." बाईंचे डोळे भरून आले. मास्तर मात्र त्या काळोखात कॉलर शोधत होते.

"चला माझ्याकडे!" वरच्या मजल्यावरची नर्स ओरडली. पण अठरा माणसांना आपापल्या चपला सापडेपर्यंत तीन मिनिटांच्या ठळक बातम्या संपल्या.

लगेच फोन वाजला. "बाबा, पाहिलंत?"

मास्तरांनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. पोरीच्या पहिल्या दिवशी तिला काय सांगायचं?

"पाहिलं म्हणजे? कॉलर काय बसली होती! खांद्याला एक सुरकुती असेल तर शपथ!"



"बाबा, कोट बसमध्ये राहिला. मी आमच्या जाड्या कॅमेरामनचा तपकिरी कोट घालून वाचलं. पाठीला सहा चिमटे लावून!"

मेहुण्याला जोरात खोकला आला.

"असं होय!" मास्तर म्हणाले. "हल्ली जरा अंधुकच दिसतं गं मला."

"अंधुक? आईला द्या फोन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. डॉक्टरांनी तपासणीसाठी थेंब घातले. इकडे मेकॅनिकने नवी फीत बसवली, आणि कंडक्टरने बसमध्ये सापडलेला कोट धाकटीच्या स्टुडिओत पोचता केला. दुपारी एकच्या बातम्यांना धाकटी तोच कोट घालून, आणखी एका निवेदिकेशेजारी, काचेसारख्या लख्ख पडद्यावर हजर!

"अय्या! काय कॉलर बसलीय हो!" बाई टाळ्या पिटत म्हणाल्या.

थेंबांनी आलेला अंधुकपणा उतरायला अजून तीन तास होते. मास्तरांनी डोळे बारीक केले, मोठे केले, पडद्याला नाक टेकवलं.

"यातली आपली कोणती?" त्यांनी विचारलं.