मालनबाईंनी बुध सर केला, त्याची हकिकत

समस्त कांजूरमार्गवासी थोरांनी सावधचित्त होऊन ऐकावे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध नवमी, मंदवारी, सूर्य अस्तास जाता शिवप्रेरणा सोसायटीचे गच्चीवर जी मोहीम जाहली, ती घडली तैशी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही.

खासा मालनबाईसाहेब सावंत बत्तीस वर्षे इस्पितळात परिचारिका होत्या, आणि तितकी वर्षे घड्याळ पाहिले ते दुसऱ्यांची नाडी मोजावयास. मग निवृत्त होताच आकाशदर्शनाचा छंद धरिला, आणि मंगळ, गुरू, शुक्र, शनी एकामागून एक नजरेखाली घातले. एकटा बुध हाती लागेना. तो सूर्याचे आसपास घुटमळणार, घटकाभर दिसणार आणि बुडणार. त्यात पश्चिमेस दोन टॉवरांमध्ये आभाळाची एकच फट उरलेली, आणि तीतही तिसरा टॉवर दर पंधरवड्यास एक मजला चढत होता. पुढले खेपेस बुध येईल तेव्हा फट नसेल, हे जाणून बाईसाहेबांची झोप उडाली.

मग मसलत करून मनगटी डिजिटल घड्याळ आणविले. त्यात होकायंत्र, उंचीमापक, हवेचा दाब, पावलांची मोजदाद ऐसा सर्व सरंजाम होता, आणि वेळही होती. माहितीपुस्तिका एकशे चाळीस पानांची, अक्षर मुंगीचे. बाईसाहेबांनी भिंग लावून ती वाचिली आणि बटणे दाबिली, तो पहाटे चारास गजर होऊन यजमान दत्तारामपंत अंथरुणात उठून बसले आणि वदले, "गे, ह्यां घड्याळ आसा काय कोंबडो?"

गच्चीचे किल्लेदार, सेक्रेटरी राजश्री चंद्रप्रकाश, यांचे फर्मान ऐसे की गच्ची सातास बंद. बुध तर सातानंतर दिसणार. सबब बाईसाहेब स्वये वकिलीस गेल्या.

"ताई, रूल म्हणजे रूल ना. आज तुम्ही, उद्या सगळे येणार."

"येऊ देत. बुधाला रूल माहीत नाही रे. तू पण वर चल, मी खाली उतरले की स्वतः कुलूप घाल."

किल्लेदार किल्ली घेऊन मागे चालले, आणि त्यांचे मागे दत्तारामपंत.

गच्चीवर बाईसाहेबांनी पाण्याचे टाकीच्या लोखंडी शिडीस पाठ टेकून मोर्चा बांधिला आणि घड्याळाचे होकायंत्रावर बुधाचा दोनशे अडुसष्ट अंशांचा रोख धरिला. त्या रोखाने एक तांबूस ठिपका दिसला. बाईसाहेबांनी हात जोडिले. तो दत्तारामपंत वदले, "गे, तो क्रेनचो दिवो आसा!" किल्लेदार हसले. बाईसाहेबांस मरणप्राय जाहले. सात वाजून चौदा मिनिटे जाहली होती आणि फटीतील उजेड विझत होता.

मग एकाएकी सत्तावनावे पान स्मरले: लोखंडाजवळ होकायंत्र फसते. तत्क्षणी शिडी सोडून गच्चीचे मध्यभागी कूच केले, आणि पुस्तिकेच्या हुकुमाबरहुकूम मनगट हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरविले. समोरच्या इमारतीतील लोकांस वाटले, बाई मधमाश्यांशी लढते. बाईसाहेबांनी लौकिकाची पर्वा केली नाही. काटा वीस अंश सरकला. हात लांब करून क्षितिजावर एक मूठ, म्हणजे दहा अंश, मोजिली, आणि मुठीचे वर, बरोबर फटीत, एक बारीक, स्थिर, फिकट ठिपका उभा होता. शुक्र मोठा उमराव, तो उजवीकडील टॉवराआड राहिला होता. हा एकटाच आला होता.

बाईसाहेबांनी नुसते बोट दाखविले.

"हाच? इतकुसा?" किल्लेदार म्हणाले.

"इतकुसाच. पण बघ, आहे."

मग किल्लेदारांची नजर तेथून हलेना. इतक्यात घड्याळ थरथरले, आणि त्यावर फर्मान उमटले की, बराच वेळ आपली हालचाल नाही, उठून चालावे. बाईसाहेबांनी ते फर्मान पदराखाली झाकिले आणि जागच्या हलल्या नाहीत.

सात वाजून तेहतीस मिनिटांनी बुध तिसऱ्या टॉवराचे सळ्यांआड गेला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आपणाकडील हानी काही नाही. दत्तारामपंतांनी घरी येताच आपण होऊन चहा ठेविला, आणि आल्याचा डबा कोठे असतो ते प्रथमच विचारिले. ऐसा प्रसंग त्या घरी चौतीस वर्षांत जाहला नव्हता. सबब तोही विजयातच दाखल केला असे.