पारबताआत्याचं पडीत वावर

आमची पारबताआत्या झाडांना शिव्या देते. मनातल्या मनात नाही, चांगल्या खणखणीत आवाजात. सकाळी विळा घेऊन ती वावरात शिरली की ऐकू येतं, "काहून रे पयसा, काल मुंडकं छाटलं होतं ना तुयं? लाज नाही वाटत?" पयस म्हणजे पळस. त्याला लाज वाटत नाही. थोड्या दिवसांनी तो पुन्हा तीन-तीन पानं काढून उभा असतो.

हे वावर पांढरकवड्याच्या पलीकडं, जंगलाला लागून आहे. पूर्वी तिथं कापूस आणि तूर व्हायची. आधी रानडुकरांनी पीक लोळवलं, मग रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप आले, शेवटी वाघ आला. आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामाजी, कापूस वेचायला गेले ते चालत परत आले नाहीत. त्यानंतर शेजारच्यांनीही पेरणं सोडलं. सगळं शिवारच पडीत पडलं.

पडीत वावर रिकामं राहत नाही, हे मला आत्याच्या शिव्यांवरूनच कळत गेलं. सगळ्यात आधी तरोटा माजला. त्याला ती 'फुकट्या' म्हणायची. मग काटेरी रायमुनिया आली, ती 'सटवी'. पाखरांनी टाकलेल्या बियांतून बोरी उगवल्या, जुन्या मुळांतून पळस फुटला. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, खुंटांना सागाचे धुमारे आले तेव्हा मात्र आत्याचा आवाज एकदम उतरला.

"तुम्ही कायले आले, साहेब?"

सागाला हात लावला की फॉरेस्टवाले विचारायला येतात, म्हणून त्याला अहो-जाहो!

गावानं तिला येडी ठरवलं. माझं हायवेवर टायरचं दुकान आहे, घर मोठं आहे. मी तिला घेऊन आलो. आठवडाही झाला नसेल, तिनं माझ्या बायकोचा कुंडीतला मोगरा उपटून फेकला. बायको ओरडली तर म्हणते कशी, "आज एवढूसा दिसते. उद्या आपल्यालेच घराबाहेर काढते तो." आणि दुसऱ्या दिवशी ऑटोत बसून गावाला निघून गेली.

गेल्या हिवाळ्यात मी तिला समजवायला गेलो. पांदणीनं, वावरांमधल्या गाडीवाटेनं, आत शिरलो तर दोन्ही बाजूंची झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलेली. आत्या वाकून पांदणीच्या कडेची झुडपं कापत होती.

"आत्या, वावर तर गेलं. आता कायले कापते?"

"रस्ता मोकळा ठेवून राह्यली. पलीकडच्या पोडावरच्या कोलाम बाया येतेत-जातेत इकडून."

"त्या वस्तीवरच्या बाया आता डांबरी रस्त्यानं जातात. इकडून कोणी येत नाही."

"मले मालूम हाये," ती म्हणाली आणि कापत राहिली.

थोड्या वेळानं ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं.

"त्या दिवशी मी तुया मामाजीले हाका मारून राह्यली होती. ते जवळच पडले होते, कापसाच्या ओळीत. तवा इथून सारं दिसे. धुरा कोनता, ओळ कोनती, सारं. आता काईच समजत नाही. समदं सारखंच दिसते."

मी तिच्या शेजारी बसलो.

"परवा गेलती मी त्या जागेवर," ती म्हणाली. "बसली, रडली. उठून पाह्यलं तं बाजूले आपली जुनी विहीर. म्हंजे ती जागाच नव्हती ना रे! मी भलत्याच जागी रडून आली."

ती हसली. मला हसता येईना. मी तिच्या हातातून विळा घेतला आणि विचारलं, "कुठून कापू, आत्या?"

ती उठली. डाव्या बाजूला दोन पावलं गेली, थांबली, परत आली. मग कपाळावर हात धरून त्या झाडांकडं बराच वेळ पाहत राहिली.